अर्धी दाढी

"सासराच ना," असं ती बाई म्हणाली तेव्हा माझ्या दोन्ही हातांत चहाचा ट्रे होता, म्हणून ती वाचली.

भाऊजींच्या, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांच्या, ऑफिसातली होती ती. आल्या आल्या तिने भाऊजींचे हात हातात घेतले, वन्संना जवळ घेतलं, आमच्या ह्यांच्या खांद्यावर थोपटलं. पोटची मुलं अशी एकेक करून संपल्यावर ती माझ्यापाशी आली आणि माझं काय करायचं ते तिला कळेना. म्हणून तिने कप उचलला. म्हणाली, आता तुम्हीच सगळ्यांना धीर द्यायचा, ह्यांच्या डोक्यावरचं छत्र गेलंय. तुमचं तसं काय, सासराच ना.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आतल्या खोलीत प्रेत, बाहेर पाहुणे आणि आपण घरातली सून. मी तिला साखर पुरे आहे का विचारलं.

सासराच म्हणे. त्या माणसाबरोबर मी रोज सकाळी दुकानाचं शटर वर केलंय आणि संध्याकाळी खाली ओढलंय. पोटच्या मुलांनी पाहिला नसेल इतका तो माणूस मी आरशात पाहिलाय. सलूनमध्ये कोणी कोणाकडे समोरासमोर बघत नाही, सगळं आरशातून चालतं. मामंजी रागावले की आरशात नुसती डावी भुवई वर जायची, आणि ती भुवई कशासाठी चढली हे ओळखणारी अख्ख्या घरात मी एकटी होते.

खाली दुकान आणि वर घर. दोन खुर्च्या, दोन आरसे, बाकड्यावर वाट बघणारी माणसं. सगळी गल्ली मामंजींना नाना म्हणायची. दोन मुलगे असूनही कात्री दोघांनाही नको होती. आमचे हे बस चालवायला गेले. भाऊजी शिकले, ऑफिसात लागले, आणि तिथे कुणी विचारलं तर वडिलांचा व्यवसाय होता एवढंच सांगायचे. कसला, ते सांगायचे नाहीत. मी लग्न करून आले तेव्हा दुसरी खुर्ची नुसती धूळ खात होती. दुपारी मामंजींचा डबा घेऊन खाली जायचे आणि त्यांचं जेवण होईपर्यंत त्या खुर्चीत बसून राहायचे. एक दिवस त्यांनी एक फुगा आणला, फुगवला, त्यावर साबणाचा फेस फासला आणि माझ्या हातात वस्तरा दिला. फुगा फुटला. दुसरा फुटला. त्या आठवड्यात आम्ही इतके फुगे फोडले की दुकानदाराने विचारलं, घरात वाढदिवस कुणाचा आहे. पहिला फुगा न फुटता साफ झाला तेव्हा मामंजी म्हणाले, "सूनबाई, आता ह्या फुग्याला तुरटी लावा आणि बिल द्या."

बाईच्या वस्तऱ्याखाली मान द्यायला गिऱ्हाइकं कचरायची. मामंजी त्यांना गोड आवाजात सांगायचे, तिच्याकडून करायची नसेल तर वाढवा. शेजारच्या औषधवाल्याने खरोखर वाढवली. शेवटी त्याच्या बायकोनेच त्याला दंडाला धरून आणलं आणि माझ्या खुर्चीत बसवलं. तेव्हापासून तो दुसऱ्या कुणाकडे बसत नाही, मामंजींकडेसुद्धा बसत नसे. ह्याचं मामंजींना इतकं कौतुक, की येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, माझं पक्कं गिऱ्हाईक सुनेने पळवलं.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. ज्या हाताने दाढी सुरू केली, त्याच हाताने ती पुरी करायची. मध्ये हात बदलायचा नाही. प्रत्येक हाताचा दाब वेगळा. एका गालावर एकाचा आणि दुसऱ्यावर दुसऱ्याचा हात फिरला की तो चेहरा दोन माणसं आणून शिवल्यासारखा दिसतो, असं मामंजींचं म्हणणं. एकदा भर गर्दीत त्यांनाच चक्कर आली. गिऱ्हाईक अर्ध्यावर. मी पुढे झाले तर मला हातानेच थांबवलं. पाणी प्यायले, बाकड्यावर डोळे मिटून बसले, आणि बरं वाटल्यावर उठून राहिलेला गाल केला. तोवर ते गिऱ्हाईकही तोंडाला फेस लावून पेपर वाचत बसलेलं. आमच्याकडे येणारी माणसंही तशीच आहेत.

अलीकडे त्यांचे हात कापायला लागले. त्यांनी आपण होऊन वस्तरा ठेवला, कुणाला सांगावं लागलं नाही. मग दुकान उघडायच्या आधी त्यांना खुर्चीत बसवून मी त्यांची दाढी करायची, असं सुरू झालं. इतकं किरकिरं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नाही. पाणी गार आहे, ब्रश चावतोय, कल्ला एक बोट वर गेला. मी म्हणायचे, मामंजी, नसेल पटत तर वाढवा. त्यांना हसू यायचं आणि मला वस्तरा बाजूला धरून थांबायला लागायचं.

आज सकाळीही तसंच बसले होते. उजवा गाल झाला, हनुवटी झाली. मी वस्तरा पुसायला वळले आणि फडक्यावर दोनदा ओढला. दुसऱ्या आरशाचा पारा उडालाय, बदलायचा का, असं काहीतरी विचारत होते. ते बोलले नाहीत. डोळे मिटलेले होते, पण डुलकी तर रोजच लागायची. मी डाव्या कल्ल्याला हात लावला आणि मला कळलं. कसं कळलं ते सांगता येणार नाही. इतकी वर्षं माणसांची तोंडं हातात धरणाऱ्याला ते कळतं.

मग सगळं भराभर झालं. डॉक्टर आले. औषधवाल्याने आणि आणखी दोघांनी मामंजींना वर आणलं. ह्यांना डेपोतून बोलावलं. वन्सं जवळच राहतात, त्या धावत आल्या आणि पहिलं काय केलं तर टॉवेलने वडिलांच्या गालावरचा फेस पुसून टाकला. मी म्हणाले, थांबा, एवढा गाल करून घेते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सिनेमाला जाऊ का विचारलं होतं. म्हणाल्या, "आत्ता सुचतं तरी कसं तुला?"

मी त्यांच्या हातातला टॉवेल घेतला आणि धुवायला टाकला. लेक आहे, धक्का बसलाय, थोडं सावरू दे. समजूतदारपणाची हौस मला नको तेव्हा येते.

दुपारी भाऊजी आले आणि सगळा कारभार त्यांनी हातात घेतला. ह्यात मी त्यांना नावं ठेवत नाही, कुणीतरी घ्यायलाच हवा होता. खुर्च्या मागवल्या, फोन केले, अंत्यविधीची सगळी व्यवस्था बघणाऱ्या एका माणसाला ठरवलं. मग त्यांचं लक्ष वडिलांच्या तोंडाकडे गेलं. उजवा गाल तुळतुळीत, डाव्यावर पांढरे खुंट. आणि दारातून आत येणाऱ्याला नेमका डावा दिसत होता. मी लगेच म्हणाले, मी वस्तरा घेऊन येते, पाच मिनिटांचं काम आहे. भाऊजी नको म्हणाले, त्यांच्याकडे उपाय होता. त्यांनी दोघांना हाताशी घेतलं, पलंग उचलला आणि फिरवला. डोक्याची बाजू पायाकडे आणि पायाची डोक्याकडे. डावा गाल भिंतीकडे गेला, उजवा लोकांकडे आला. लांब उभे राहून भाऊजींनी बघितलं आणि त्यांचं समाधान झालं.

मी ते दारातून बघत होते. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं साफ करणारा माणूस, आणि स्वतःचं अर्धं तोंड भिंतीत घालून निजलाय. का, तर लोक येणार.

भाऊजींना मी स्वयंपाकघरात गाठलं. नीट सांगितलं, आवाज चढवला नाही. दाढी मी सुरू केली होती, मीच पुरी करणार, दुकानाची रीत तुम्हालाही माहीत आहे. ते म्हणाले, ठरवलेला माणूस येतोच आहे, त्याच्या कामातच ते सगळं येतं. मग कपाकडे बघत म्हणाले, "वहिनी, दुकानात काय चाललं ते चाललं. आज माझे साहेब येणार आहेत. सुनेने हातात वस्तरा घेऊन सासऱ्याच्या उशाशी उभं राहायचं, बरं दिसत नाही ते."

"काय बरं दिसत नाही? सून की वस्तरा?"

ह्याचं उत्तर त्यांच्याऐवजी वन्संनी दिलं. त्या मागून आल्या होत्या. म्हणाल्या, आधीच बाहेर बायका विचारतायत, दाढी करताना गेले म्हणजे नक्की काय झालं. त्यात तू परत वस्तरा घेऊन दिसलीस तर काय बोलतील.

मला वाटलं होतं की त्या पुढे म्हणतील, आणि मी त्यांची तोंडं बंद केली. तसं काही म्हणाल्या नाहीत. बायका विचारतायत, एवढंच. माझ्या हाताकडे मात्र बघत होत्या.

ह्यांच्याकडे गेले. हे पलंगापाशी खुर्चीत बसलेले, सकाळपासून खाकी शर्ट बदलला नव्हता. मी कानाशी वाकून सगळं सांगितलं. हे म्हणाले, बघू. आमच्या लग्नापासून ह्यांचं बघू चालू आहे. नळ गळतोय, बघू. मुलीची फी भरायचीय, बघू. बाप अर्धा पडलाय, बघू. ह्यांना तिथेच गदागदा हलवावं असं मला वाटलं. पण ह्यांचे डोळे इतके लाल होते की मी पुन्हा चहा करायला गेले.

लोक येत राहिले. येणारा प्रत्येकजण उजव्या गालाकडे बघून म्हणायचा, किती शांत दिसतायत, जणू झोपलेत. मी मनात म्हणत होते, अर्धे झोपलेत, उरलेले भिंतीशी बोलतायत. माझ्याकडे प्रत्येकाने काही ना काही मागितलं. पाणी, बाथरूम कुठे, फोनला चार्जर. एकाने नानांचा एखादा चांगला फोटो आहे का, म्हणून विचारलं, ज्यात मागे दुकान दिसत नाही असा. ते भाऊजींचं काम, हे विचारणाऱ्याच्या तोंडावरून कळत होतं. तसा फोटो नव्हता, मला बरं वाटलं. एकट्या औषधवाल्याने माझ्याकडे बघून तोंड उघडलं, पण त्याला रडू फुटलं आणि तो खाली निघून गेला.

मला रडायला वेळ नव्हता हे एक. दुसरं म्हणजे येत नव्हतं. हातातलं काम अर्धं टाकून कुणाला रडता येत असेल तर मला माहीत नाही.

मग तो ठरवलेला माणूस आला. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. साधा, हळू बोलणारा, हातात पेटी. घरातल्यांना बाजूला बसायला सांगून त्याने चादर नीट केली, हात नीट ठेवले. मामंजींच्या तोंडावर वाकला, उजव्या गालाकडे बघितलं, मग भिंतीच्या बाजूने मान घालून डाव्याकडे बघितलं. पेटीतून केस कापायचं मशीन काढलं आणि म्हणाला, उजवी बाजू वस्तऱ्याची आहे, माझं मशीन आहे, दोन्ही बाजू सारख्या येणार नाहीत, सांगून ठेवतो.

भाऊजी हलक्या आवाजात म्हणाले, "चालेल. भिंतीकडचीच बाजू आहे."

मशीनची घरघर सुरू झाली.

"बंद करा ते," मी म्हणाले.

त्या माणसाने माझ्याकडे बघितलं, भाऊजींकडे बघितलं आणि मशीन बंद केलं. म्हणाला, घरच्यांनी काय ते ठरवा, मी थांबतो. मी ट्रे वन्संच्या मांडीवर ठेवला आणि जिना उतरून खाली गेले. सकाळी उघडं टाकलेलं दुकान तसंच होतं, वाटीतल्या साबणावर साय धरली होती. मी ब्रश धुतला, वाटीत कोमट पाणी घेतलं, वस्तऱ्याला नवं पातं लावलं आणि धुतलेलं पांढरं कापड खांद्यावर टाकून वर आले. जिन्यात एक चकाचक बुटांचे गृहस्थ चढत होते. ते भाऊजींचे साहेब. मी त्यांना म्हणाले, जरा वाट द्या.

भाऊजी दारातच आडवे आले. चेहरा पांढराफटक पडला होता. मला त्यांची दया आली असती, पण आज दयेचा साठा संपला होता.

"वहिनी, लोक बसलेत," ते म्हणाले.

"बसू देत. दुकानातही बसतात."

"तुम्ही सून आहात ह्या घरातली. थोडा तरी विचार करा."

"सून मी संध्याकाळी होईन, भाऊजी. आत्ता माझं गिऱ्हाईक अर्धं पडलंय. आणि तुमच्या साहेबांना कळायलाच हवं असेल तर मीच सांगते, तुमचे वडील दाढ्या करायचे. गल्लीतल्या सगळ्या बापांच्या केल्या, त्यावर तुम्ही शिकलात. त्यांच्या डाव्या गालाची तुम्हाला लाज वाटत असेल तर तुम्ही भिंतीकडे तोंड करा, त्यांचं कशाला केलंत?"

साहेब जिन्याच्या वरच्या पायरीवर तसेच उभे. वन्सं ट्रे धरून बसलेल्या. मला वाटलं आता हात धरून मला बाहेर काढतील. एवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आमचे हे उठले होते. कुणाकडे न बघता पलंगाच्या उशाकडे गेले, दोन्ही हातांनी पलंग धरला आणि भिंतीपासून मला उभं राहता येईल इतका ओढून घेतला. मग भाऊजींना म्हणाले, "सरक जरा. तिला उजेड लागतो."

भाऊजी सरकले.

मी मामंजींच्या डाव्या बाजूला उभी राहिले. गळ्याभोवती कापड घातलं. गाल ओला केला, ब्रश फिरवला. फेस चांगला आला. गाल गार होता, त्याची मी मनाची तयारी केली होती. लोक बघत होते, त्याचंही काही वाटत नव्हतं. वस्तरा कल्ल्याखाली टेकवला आणि पहिला हात खाली ओढला.

पातं अडलं.

पुन्हा ओढला. पुन्हा अडखळला. वस्तरा बघितला, पातं नवं होतं. हात बघितला, कापत नव्हता. आणि मग लक्षात आलं की गाल पुढे आला नाही.

रोज मी ह्या जागेवर आले की मामंजी आतून जिभेने गाल पुढे ढकलायचे. मी न सांगता. हनुवटीकडे वळले की मान वर, ओठाशी आले की ओठ दाताखाली. इतकं आपोआप, की ते काही करतायत असं मला कधी वाटलंच नाही. सगळी गल्ली म्हणते माझा हात हलका आहे, आणि मीही तेच समजत होते. त्या हाताखाली रोज एक गाल आपण होऊन पुढे येत होता. आता तो नुसता पडला होता. मी वाट बघितली. खरोखर वाट बघितली, वस्तरा हवेत धरून, तो येईल म्हणून.

"गाल, मामंजी," मी म्हणाले.

माझाच आवाज मला ऐकू आला. वन्संनी तोंडावर हात घेतला. पण मला आता कुणाचाच राग नव्हता, भाऊजींचा नाही, त्या 'सासराच ना' म्हणणाऱ्या बाईचा नाही. होता तो सगळा ह्या माणसावर. फुग्यापासून शिकवलं, रीती लावून दिल्या, पाण्याबिण्याची किरकिर केली, आणि स्वतः असं न सांगता, मध्येच.

"एवढंही करवत नाही का तुम्हाला?" मी त्यांना विचारलं. "इतक्या लोकांत मला एकटीला करायला लावताय."

त्यांनी गाल पुढे केला नाही. मग मी डाव्या हाताचा अंगठा त्यांच्या कानापाशी टेकवला आणि कातडी ताणून धरली, जशी नवख्या गिऱ्हाइकाची धरतात, ज्याची आपली ओळख नसते. त्यांच्या गालाला असा अंगठा मी कधी लावला नव्हता. तसा धरून सगळा गाल केला. सावकाश केला. कुठे कापलं नाही. फेस पुसला, तुरटी फिरवली, कापड झटकून घडी केली. तो ठरवलेला माणूस मागून हळूच म्हणाला, आता दोन्ही बाजू सारख्या आल्या.

मी शेवटी दोन्ही गालांवरून बोटांची मागची बाजू फिरवली, दाढी झाली की आम्ही फिरवतो तशी. हात एकच होता, वस्तरा एकच. पण सारख्या नव्हत्या. सकाळचा उजवा गाल साफ गुळगुळीत होता आणि हा डावा बोटाला किंचित लागत होता. लांबून कुणाला दिसलं नसतं. उजवा आम्ही दोघांनी केला होता. डावा मी एकटीने.

तेव्हा मी रडले. सगळ्यांसमोर, वस्तरा हातात धरून, मोठ्याने, आणि कुणाला चहा हवा का ते विचारलं नाही.